बरणीतली कवटी आणि खांद्यावरचा वेताळ

भुताने घाबरवावे आणि माणसाने घाबरावे, हा भूतकथेचा रूढ संकेत. ब्रिटिश लेखक जोनाथन स्ट्राउड यांच्या 'लॉकवुड अँड कंपनी' या कादंबरीमालेतील एक भूत मात्र घाबरवण्यापेक्षा टोमणे मारण्यात अधिक रमते. २०१३ ते २०१७ या काळात या मालेची पाच पुस्तके प्रसिद्ध झाली. वरवर कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या या पुस्तकांतील थट्टामस्करी नेमकी कशासाठी आहे, हे समजून घेण्यासाठी आधी त्या जगाचे नियम पाहावे लागतात.

कथेतील ब्रिटनमध्ये पन्नासहून अधिक वर्षे भुतांचा सुळसुळाट आहे. भुताचा स्पर्श झाला तर माणूस दगावतो. अंधार पडताच संचारबंदी सुरू होते. लोखंड, मीठ, चांदी आणि वाहते पाणी एवढीच काय ती संरक्षणाची साधने. भुते दिसण्याची वा त्यांचे आवाज ऐकू येण्याची शक्ती केवळ मुलांकडे असते आणि वय वाढते तशी ती मावळते. साहजिकच रात्रपाळीवर जातात ती मुले, आणि त्यांना हुकूम सोडतात ती भूत न दिसणारी मोठी माणसे. निवेदिका लूसी कार्लाइल हिचे सहकारी एका जुन्या गिरणीत प्राणास मुकतात तेव्हा त्यांचा प्रौढ पर्यवेक्षक बाहेरच असतो. पुढे चौकशीत लूसीचे म्हणणे मानले जात नाही. ती लंडन गाठते आणि ज्या संस्थेत दाखल होते, तिथे एकही मोठे माणूस नसते.

अँथनी लॉकवुड, जॉर्ज आणि लूसी हे त्या संस्थेचे त्रिकूट. जॉर्जचा अजागळपणा, लॉकवुडची आपल्या हास्यावरची आणि कोटावरची भिस्त, बिस्किटे पाळीपाळीनेच घेण्याचा दंडक, स्वयंपाकघरातील टेबलावर पसरलेल्या कापडावर लिहिलेले निरोप आणि टिपणे, यांवरून त्यांची अखंड शाब्दिक चकमक चालते. ती निव्वळ करमणूक नव्हे. भुताच्या सान्निध्यात आधी गारठा जाणवतो, मग मन खचते आणि अखेर हातपाय हलवण्याची इच्छाच उरत नाही. मन ताळ्यावर ठेवणे हा या व्यवसायातील पहिला धडा. विनोद तिथे मिठाच्या पुडीइतकाच उपयोगी पडतो, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

या सर्वांवर कडी करते ती कवटी. चांदीमिश्रित काचेच्या बरणीत कोंडलेली ही कवटी जॉर्जने आपल्या आधीच्या नोकरीतून चक्क लांबवलेली असते. तिचे बोलणे एकट्या लूसीलाच ऐकू येते. गंमत इथेच आहे. इतरांना संभाषणाची एकच बाजू कळते, दुसरी बाजू लूसी सांगते, आणि सांगताना त्यातील अपमान मोठ्या कौशल्याने गाळते. जॉर्जच्या रूपावरील शेरे तर बहुतेक वेळा वगळावेच लागतात. मात्र कवटी पाळीव नाही. मित्रांचा जीव घे, असा सल्ला ती हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तशी देते. लॉकवुडच्या घरातील बंद खोलीविषयी सूचक बोलून लूसीच्या मनात संशय पेरते. तीच वेळोवेळी धोक्याची सूचनाही देते. ऐकावे तरी पंचाईत, न ऐकावे तरी पंचाईत.

मराठी वाचकाला हा प्रकार ओळखीचा वाटेल. 'वेताळपंचविशी'तील राजा विक्रम स्मशानातून प्रेत खांद्यावर घेऊन निघतो आणि प्रेतातील वेताळ वाटभर त्याची फिरकी घेतो. उत्तर ठाऊक असून गप्प राहिला तर डोके फुटणार, बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर. अखेर भिक्षूच्या कपटापासून राजाला सावध करतो तोही वेताळच. सोमदेवाने अकराव्या शतकात 'कथासरित्सागरा'त या कथा गुंफल्या. लूसी पाठीवरच्या पिशवीत बरणी घालून कामगिरीवर निघते तेव्हा ही जोडी आठवल्यावाचून राहत नाही. अर्थात आपल्याकडे वेताळाला देवळेही आहेत, पुण्याच्या वेताळ टेकडीवर आणि गोव्यातील गावांतही. कवटीच्या वाट्याला असा मान कुठला!

स्ट्राउड यांना वाकड्या जिभेची पात्रे नवी नाहीत. २००३पासून आलेल्या त्यांच्या 'बार्टिमियस' मालेतील जिन्न तर तळटीपांतूनही मालकाची टर उडवतो. 'लॉकवुड'वरील आठ भागांची मालिका जानेवारी २०२३मध्ये नेटफ्लिक्सवर आली. त्याच वर्षी मे महिन्यात तिचा पुढचा हंगाम रद्द झाला. पडद्यावर भुते उत्तम दिसली, तरी कवटीची खरी मौज लूसीच्या निवेदनात, म्हणजे पुस्तकात आहे.

आणि त्या निवेदनाला मुदत आहे. विशीच्या सुमारास लूसीचे कान इतर प्रौढांसारखेच होणार. मग तीच बरणी समोर असेल, आतली कवटी पूर्वीसारखीच वटवट करीत असेल, आणि लूसीला त्यातले अक्षरही ऐकू येणार नाही.