रिटोनाविरचा हट्टी स्फटिक

पाण्यात न विरघळणारं औषध आणखी बारीक दळा, हा उपाय खरा, पण अपुरा. दळल्याने विरघळण्याचा वेग वाढतो. स्फटिकातली रेणूंची घट्ट पकड सहसा तशीच राहते. एचआयव्हीवरच्या रिटोनाविरची कॅप्सूल 1996 मध्ये आली, आत औषधाचं द्रावण होतं. 1998 मध्ये त्याच रेणूचे अधिक स्थिर, पण बरेच कमी विद्राव्य स्फटिक त्यात जमू लागले आणि कॅप्सूल बाजारातून काढावी लागली.

मग स्थिर स्फटिकाचीच गोळी का नको? कारण ती स्थिरताच आड येते: पाण्याला रेणू सोडवता येत नाहीत आणि न विरघळलेलं औषध आतड्यातून रक्तात जात नाही. म्हणून 2010 च्या गोळीत औषध कोपोव्हिडोन या बहुवारिकासोबत वितळवून रेणू विस्कळीतच ठेवले. ही अवस्थाही अस्थिर, हा आक्षेप रास्तच आहे. पण बहुवारिकात रेणूंची हालचाल इतकी मंदावते की गोळीच्या मुदतीत स्फटिक जमायला वाव मिळत नाही (ओलावा शिरला तर गणित बिघडतं, म्हणून वेष्टनही महत्त्वाचं). मधल्या काळातल्या मऊ कॅप्सूलला फ्रिज लागे, या गोळीला तो लागत नाही.