गुडघे शाबूत, तर धंदा शाबूत

भिवंडीत विणलेला तागा कल्याण, डोंबिवली किंवा ठाण्याच्या दुकानात पोहोचेपर्यंत किती जिने चढतो, याचा हिशेब आपण व्यापारी ठेवत नाही. तो भार हमालाच्या गुडघ्यांवर पडतो. पन्नाशीच्या आत "आता ओझे झेपत नाही" म्हणून घरी बसलेले कामगार आमच्या कापडाच्या धंद्यात नवे नाहीत.

सांध्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. ते झिजले की दुखणे आणि आखडणे सुरू होते. वय, लठ्ठपणा, जुनी इजा ही कारणे आहेतच. पण कामाचाही वाटा आहे. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील पाहणीत 1991 मध्ये असे दिसले की, ज्या पुरुषांच्या कामात गुडघे वाकवणे आणि अंगमेहनत दोन्ही होते, त्यांच्यात गुडघ्याची झीज इतरांच्या सुमारे दुप्पट होती. जर्मनीने 2009 मध्ये हा आजार व्यवसायजन्य रोगांत धरला. अट एवढी की, आयुष्यात किमान 13,000 तास गुडघे टेकून किंवा तशाच ताणाचे काम झालेले असावे. आपल्या 1923 च्या भरपाई कायद्याच्या यादीत मात्र तो आला नाही. म्हणजे नुकसान कारागिराच्याच पदरी.

नुसत्या चालण्याला घाबरू नये. वाकलेला गुडघा आणि वर ओझे, ही जोडी वाईट. म्हणून गठाण घेऊन जिने चढणारा हमाल आणि गुडघ्यांवर बसून लादी बसवणारा कारागीर यांनी अधिक जपावे. वर्षानुवर्षे जड ओझी उचलणाऱ्यांत खुब्याची झीजही जास्त आढळते.

उपाय फार खर्चाचे नाहीत. गठाणी लहान बांधाव्यात, हातगाडी व कप्पी वापरावी, जड माल तळमजल्यावर ठेवावा. लादीवाल्याने गुडघ्याखाली जाड गादी घ्यावी आणि अधूनमधून उठावे. 1948 च्या कारखाने कायद्याच्या कलम 44 ने उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय सांगितली होती. साच्याजवळ एक स्टूल ठेवणे मालकाला जड नाही. वजन आटोक्यात ठेवावे, मांडीच्या स्नायूंचा व्यायाम करावा. दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या महिनोन्महिने खाऊ नयेत, त्याने जठर व मूत्रपिंड बिघडते.

दुखणे काही आठवडे टिकले, तर कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयासारख्या ठिकाणी वेळीच दाखवावे. हात बसलेला कारागीर गमावला, तर तसा दुसरा तयार व्हायला वर्षे लागतात. स्टूल आणि हातगाडीचा खर्च त्यापुढे काहीच नाही.