जोर मागे नव्हे, बाजूला!

चाकांचे बूट घातलेली मुले आता तालुक्याच्या गावांतूनही दिसू लागली आहेत. पहाटे मंगल कार्यालयाच्या फरसबंद अंगणात, शाळेच्या सिमेंटच्या मैदानावर, नाही तर जागा सापडेल तिथे पाच-पंचवीस मुले कमरेत वाकून भिरभिरत असतात. मुलांबरोबर त्यांची दुखणीही माझ्या दवाखान्यात येऊ लागली. गुडघा आतल्या बाजूने दुखतो, कंबर धरते, जांघेत लचक भरते, घोट्यावर फोड येतो. पालकांचे प्रश्न दोनच असतात. खेळ बंद करू का? आणि भारीतले बूट घेतले तर दुखणे थांबेल का? बहुतेक वेळा दोन्हींचे उत्तर नाही असे द्यावे लागते, कारण दुखण्याचे मूळ पुष्कळदा पाय मारण्याच्या पद्धतीत असते.

आठवीतली एक मुलगी मागच्या हिवाळ्यात वडिलांबरोबर आली. जिल्ह्याच्या निवड चाचणीला पाच आठवडे उरले होते आणि उजवा गुडघा दुखत होता. वडील एसटीत कंडक्टर. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पतसंस्थेत कर्जाचा अर्ज टाकलाय. कार्बनचे बूट घेतो. तुम्ही फक्त घ्यायचे की नाही ते सांगा." गुडघा तपासला. सूज नव्हती, अस्थिबंध घट्ट होते, हालचाल पूर्ण होती. मग मी तिला एका पायावर उभी राहून थोडे खाली बसायला सांगितले. गुडघा थेट आत वळला आणि दुसऱ्या बाजूचा खुबा खाली गेला. तिच्या बुटांची चाके उलटी करून पाहिली, तर सगळी आतल्या कडेने घासून तिरकी झालेली. चपलेची टाच पाहून माणसाची चाल ओळखणारा चांभार आठवा. चाकांवरूनही तसेच कळते. ही मुलगी दोन्ही पायांच्या आतल्या कडांवरच घसरत होती. कितीही महाग बूट घेतले तरी तीच कड घासली असती.

या विषयावर मी बोलतो त्याला आणखी एक कारण आहे. वयाच्या बावन्नाव्या वर्षी मीही हे बूट पायात घातले. त्यावर घरातून जे मत व्यक्त झाले ते येथे छापण्याजोगे नाही. पण पुस्तकात वाचलेले शरीरशास्त्र मांड्यांना नीट समजले ते तेव्हाच.

मुख्य गोष्ट एकच आहे. आपण चालतो-पळतो तेव्हा जमीन पायाने मागे रेटतो. तळवा जमिनीला धरून राहतो, म्हणून शरीर पुढे जाते. चाकाचे तसे नसते. बैलगाडीचे चाक पुढे-मागे बोटाने फिरेल, पण त्याला आडवे सरकवायला जा, तसूभर हलणार नाही. एका ओळीत चाके असलेल्या स्केटचेही असेच आहे. ज्या दिशेला चाक फिरते त्या दिशेने रेटा देता येत नाही. रेटा द्यायचा तो चाकाच्या रेषेशी काटकोनात, म्हणजे बाजूला. नवे मूल पळण्याच्या सवयीने पाय मागे फेकते. चाक मागच्या मागे निसटते, टाच आधी उचलली जाते, शेवटी चवड्याचे एकच चाक जमिनीवर खरडते. घाम भरपूर निघतो, पोटऱ्या भरून येतात आणि वेग मात्र येत नाही. शर्यत सुटताना पहिली काही पावले बदकासारखे पाय फाकवून पळावे लागते, ते ठीक. पण वेग जसा वाढतो तशी चाके अधिकाधिक सरळ पुढे रोखली गेली पाहिजेत आणि रेटा अधिकाधिक बाजूला गेला पाहिजे.

आता बसण्याविषयी. बसणे म्हणजे गुडघे आणि खुबे वाकवून खाली जाणे. कबड्डीत चढाई करणाऱ्यासमोर बचाव करणारा जसा दबा धरून असतो, साधारण तसेच. मांडी आणि नडगी यांच्यात काटकोनाहून थोडा मोठा कोन, नाक-गुडघा-पायाचे बोट एका उभ्या रेषेत, पाठ किंचित गोल, भार टाचेच्या आणि तळव्याच्या मध्यावर, नजर समोर. खाली का जायचे? तर पाय जितका दुमडलेला, तितका तो सरळ होताना लांबवर रेटतो. ताठ उभा असलेला पाय आधीच सरळ असतो, त्याच्यापाशी रेटायला काही शिल्लकच नसते. शिवाय वाकलेल्या अंगाला वारा कमी अडवतो. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा विरोध चौपट होतो, म्हणून लांबच्या शर्यतीत जाणते खेळाडू दुसऱ्याच्या पाठीमागे लपून दम वाचवतात.

या बसण्याची किंमतही असते. मांडीचा स्नायू सतत आवळलेला राहिला की त्यातल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, प्राणवायू कमी पडतो आणि मांडी पेटल्यासारखी होते. मुले मग काय करतात? गुडघे ताठ करतात आणि नुसती कमरेतून वाकतात. लांबून पाहणाऱ्याला ती वाकलेलीच दिसतात, पण सगळा ताण कमरेच्या मणक्यांजवळच्या स्नायूंवर येतो. "पोराची कंबर धरते" ही तक्रार पुष्कळदा येथली असते. मांड्या दमल्या की थांबावे, सरळ उभे राहावे, पाय झटकावेत आणि पुन्हा बसावे. दमलेल्या पायांनी मारलेल्या वीस फेऱ्यांत चुकीचीच सवय मुरते. प्रशिक्षक फेऱ्या मोजतात, कारण फेऱ्या मोजायला सोप्या असतात.

पण सगळ्यांत अवघड भाग, आणि माझ्या मते सगळ्या कौशल्याचे मर्म, म्हणजे भार बदलणे. उजव्या पायाने रेटा दिल्यावर सगळे शरीर डाव्या पायावर गेले पाहिजे. सगळे म्हणजे सगळे. नाक, बेंबी, गुडघा आणि चाक एकावर एक, आणि चाक उभे. नवशिके मूल भीतीने भार दोन्ही पायांच्या मध्ये ठेवते. मग एकही चाक उभे राहत नाही, दोन्ही आत कलतात, गुडघे एकमेकांकडे झुकतात आणि गुडघ्याच्या वाटीवर तिरका ओढा पडतो. त्या मुलीचे दुखणे हेच होते. उभ्या पायाचा खुबा सावरणारा एक स्नायू कुल्ल्याच्या बाजूला असतो, तो तिचा दुबळा होता.

मी तिला स्केटिंग दोन आठवडे निम्मे करायला लावले आणि घरी अनवाणी सराव दिला. आरशासमोर एका पायावर अर्धे बसून वीसपर्यंत मोजायचे, गुडघा दुसऱ्या बोटाच्या रेषेतून आत जाऊ द्यायचा नाही. मग कुशीवर पडून वरचा पाय सरळ उचलायचा. मग बसलेल्या स्थितीतच एका बाजूकडून दुसरीकडे सावकाश झेप, प्रत्येक झेपेनंतर एका पायावर स्थिर थांबा. हे जमल्यावर मैदानात खडूने सरळ रेघ ओढून तिच्यावरून एकाच पायाने शक्य तितके लांब घरंगळायचे. तिसऱ्या आठवड्यात दुखणे बरेच कमी झाले. चाचणीत तिचा चौथा क्रमांक आला, निवड पहिल्या दोघींचीच होती. ती रडली. वडिलांनी कर्जाचा अर्ज मात्र मागे घेतला आणि जुन्याच बुटांची चाके उलटसुलट करून बसवून घेतली.

रेटा कसा द्यावा हेही सांगतो. आधी अंग आतल्या बाजूला, म्हणजे पुढच्या पायाकडे, पडू द्यायचे आणि मग पाय सरळ करायचा. पडणाऱ्या अंगाचे वजन फुकट मिळते, ते वापरायचे. जोर टाचेतून जावा आणि शेवटी सगळी चाके एकदम जमिनीवरून सुटावीत. रेटा झालेला पाय सैल सोडायचा, तो मागून अर्धगोल घेत येतो. दुसऱ्या पायाला जवळजवळ घासून जाईल इतक्या जवळ, शरीराच्या खालीच, टेकवायचा. तो फाकवून टेकवला की पुढच्या रेट्याची निम्मी लांबी गेलीच म्हणून समजा. हात आडवे झुलवावेत, नाकाच्या वर नकोत, आणि लांबच्या अंतरात कमरेवर मागे बांधून ठेवावेत.

यापुढची पायरी 'डबल पुश', म्हणजे दुहेरी रेटा. टेक्सासचा चॅड हेड्रिक या खेळाडूने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तो शर्यतींत आणला आणि थोड्याच काळात जगभरच्या खेळाडूंना तो शिकणे भाग पडले. एरवी पाय टेकल्यापासून रेटा देईपर्यंत माणूस नुसता घरंगळतो आणि वेग गमावतो. हेड्रिकने पाय बाहेरच्या कडेवर टेकवला, तो आधी आतल्या बाजूला ओढला आणि मग वळवून नेहमीसारखा बाहेर रेटला. एका पावलात दोन रेटे. जमिनीवर चाकाची वाट नागमोडी उमटते. पाहायला फार देखणे असते, म्हणून मुले मोबाइलवर चित्रफिती पाहून पहिल्याच महिन्यात त्याची नक्कल करतात. बाहेरच्या कडेवर एका पायाने स्थिर राहता येईपर्यंत हा नाद करू नये. नुसते पाय वळवल्याने वेग येत नाही, गुडघ्याला पीळ मात्र बसतो.

हेड्रिक पुढे बर्फावर गेला आणि २००६च्या तुरिन ऑलिंपिकमध्ये ५००० मीटरचे सुवर्ण जिंकला. बेल्जियमचा बार्ट स्विंग्स आणि अमेरिकेची एरिन जॅक्सन हेही मूळचे चाकांवरचेच, दोघांनी २०२२च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये बर्फावर सुवर्ण मिळवले. एरिन तर फ्लोरिडासारख्या उष्ण मुलखातली. आपल्याकडेही २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ३००० मीटर रिलेमध्ये मुलांना आणि मुलींना कांस्यपदके मिळाली, आणि २०२५ मध्ये तमिळनाडूच्या आनंदकुमार वेलकुमारने चीनमधील जागतिक स्पर्धेत १००० मीटरचे सुवर्ण आणले. तेव्हा "या खेळात पुढे काय आहे?" असे विचारणाऱ्या आजोबांना उत्तर मिळाले असावे.

वळणाबद्दल एवढेच सांगतो की शर्यत डावीकडे वळत जाते, त्यामुळे सरावही मुले एकाच बाजूने करतात. डावा खुबा आणि कमरेची एक बाजू मग कायम आवळलेली राहते. सराव संपताना काही फेऱ्या उलट्या दिशेने, सावकाश माराव्यात.

शर्यतीच्या बुटांना बहुधा ब्रेक नसतो. म्हणून वेग शिकण्याआधी थांबणे शिकवावे. पाय फाकवून चाके आत वळवत नांगरासारखे थांबणे, किंवा मागचा पाय आडवा ओढत थांबणे, दोन्ही यायला हवे. वाहता रस्ता सरावाला नको, पहाटेचाही नको. डोक्याला हेल्मेट, गुडघे-कोपरांना गादी आणि सरावात मनगटाचे संरक्षक घालायलाच हवेत. अमेरिकेत १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मनगट-संरक्षक न घालणाऱ्यांना मनगटाच्या इजेची शक्यता सुमारे दहापट आढळली होती. तोल जातोय असे वाटले की खाली बसावे आणि पुढे, गुडघ्याच्या गाद्यांवर पडावे. मागे हात टेकून पडलेली मुलेच माझ्याकडे जास्त येतात. खरचटले तर वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने वाळूचे कण निघेपर्यंत धुवावे. चहाची पूड, टूथपेस्ट असले काही भरू नये. धनुर्वाताचे इंजेक्शन केव्हा घेतले होते ते आठवत नसेल तर डॉक्टरांना विचारावे.

आणि मनगट दुखत असेल तर ते चोळू नये. हाताचा अंगठा ताणून वर केला की त्याच्या मुळाशी एक खळगा दिसतो. पडल्यानंतर त्या खळग्यात दाबून दुखले, तर आतले एक लहान हाड मोडलेले असू शकते. पहिल्या एक्स-रेत ही चीर कधी कधी दिसतच नाही. अशा वेळी एक्स-रे चांगला आला म्हणून हात मोकळा सोडू नये. आधार बांधून ठेवावा आणि दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा तपासून घ्यावा. या हाडाला रक्तपुरवठा बेताचा असतो. ते वेळेवर स्थिर ठेवले नाही तर जुळत नाही, आणि मग स्केटिंगचे राहू द्या, बादली उचलतानाही मनगट बोलते.