पक्षाघातानंतर सगळ्या चिठ्ठ्या एकत्र कोण वाचणार?

पक्षाघाताचा झटका येऊन गेलेल्या सत्तरीच्या माणसाला तेवढा एकच आजार क्वचितच असतो. रक्तदाब, मधुमेह, हृदयाचे अनियमित ठोके, गुडघेदुखी आधीपासून सोबतीला असतात आणि प्रत्येकाचा डॉक्टर वेगळा. चिरनेरसारख्या गावातून मेंदूच्या तपासणीसाठी पनवेलची वाट धरायची, शुगर दुसरीकडे दाखवायची आणि गुडघ्यासाठी औषधाच्या दुकानातून गोळी आणायची, असं सहज घडू शकतं. धोका इथेच आहे. डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं रक्तदाब वाढवतात, मूत्रपिंडावर ताण आणतात आणि ॲस्पिरिनच्या जोडीने पोटात रक्तस्राव घडवू शकतात. मधुमेहाची गोळी घेतली आणि जेवण राहिलं, तर साखर इतकी उतरू शकते की एक बाजू लुळी पडून दुसरा झटकाच आला असं वाटावं. रक्तदाब फार खाली आणला तर उठताना चक्कर येऊन माणूस पडतो. एकेक चिठ्ठी आपल्या जागी बरोबर असते, पण त्या सगळ्या शेजारी ठेवून वाचणारं कोणी नसतं. म्हणून या रुग्णाला आणखी एका तज्ज्ञाआधी गावाजवळच्या आरोग्य केंद्रातला असा एक डॉक्टर हवा, जो सगळी औषधं टेबलावर मांडून काय ठेवायचं आणि काय थांबवायचं ते ठरवेल.

यावर आक्षेप घेता येतो, कारण पक्षाघातानंतरच्या काळजीचे भारतातले दोन मोठे प्रयोग फसले आहेत. कुटुंबीयांना घरच्या व्यायामाचं प्रशिक्षण देणाऱ्या ‘अटेंड’ चाचणीत (2017) मृत्यू वा परावलंबन कमी झालं नाही. चार हजारांहून अधिक रुग्णांना संदेश, व्हिडिओ आणि पुस्तिका देणाऱ्या ‘स्प्रिंट इंडिया’तही वर्षभरात पुढचे झटके घटले नाहीत, गोळ्या नियमित घेण्याचं प्रमाण मात्र सुधारलं. मला यातून उलटाच निष्कर्ष दिसतो. दोन्हींचा भर शिकवण्यावर होता, औषधांची मात्रा बदलण्यावर नव्हता. 2001 च्या ‘प्रोग्रेस’ चाचणीत प्रत्यक्ष रक्तदाब उतरवला, तेव्हा पुन्हा पक्षाघात होण्याचं प्रमाण 28 टक्क्यांनी घटलं.

आरोग्य केंद्रांवर आधीच भार आहे, हेही खरं. पण सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडाऱ्यात सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाने ठरलेला सोपा औषधक्रम, नोंदी आणि परिचारिकेचा सहभाग यांवर काम उभं केलं. पक्षाघाताचा रुग्ण रक्तदाब तपासायला येईल त्याच भेटीत परिचारिकेने आणखी दोन प्रश्न विचारावेत: गोळी गिळताना ठसका लागतो का, आणि एका हाताने पाकीट फोडता येतं का?