ब्रेक पॅडांचा खडखडाट
ब्रेक पॅडांचा खडखडाट : चकतीच्या ब्रेकमधील पॅड आपल्या बैठकीत सैल झाल्यामुळे खडबडीत रस्त्यावर होणारा, धातूवर धातू आपटल्यासारखा आवाज. जुन्या मोटारगाड्यांत हा दोष विशेषेकरून आढळतो. तो सामान्यतः ब्रेक लावलेला नसताना ऐकू येतो आणि पेडल हलकेच दाबताच थांबतो. या दोषाचे मूळ पुष्कळदा एखाद्या लहानशा स्प्रिंगेत असते. तथापि कॅलिपरचे बोल्ट सैल झाल्यासही असाच आवाज होऊ शकत असल्याने त्याकडे दुर्लक्ष करणे इष्ट नसते.

रचना : चाकाबरोबर फिरणाऱ्या ओतीव लोखंडाच्या चकतीला दोन पॅड दोन्ही बाजूंनी चिमट्याप्रमाणे आवळतात. पोलादी पाठपट्टीवर घर्षणद्रव्याचा थर पक्का बसवून पॅड तयार करतात. पॅडांना दाबणारे दट्टे ज्या सांगाड्यात असतात त्याला कॅलिपर म्हणतात. स्थिर कॅलिपरमध्ये चकतीच्या दोन्ही बाजूंना दट्टे असतात. सरकत्या कॅलिपरमध्ये ते एकाच बाजूला असून कॅलिपर मार्गदर्शक पिनांवरून सरकतो व पलीकडील पॅडही चकतीवर ओढला जातो.

ड्रम ब्रेकमध्ये ब्रेक सुटल्यावर आतील भाग मागे ओढण्यासाठी दणकट स्प्रिंगा असतात. चकतीच्या ब्रेकमध्ये हे काम मुख्यतः दट्ट्याभोवतीचे चौकोनी छेदाचे रबरी कडे करते. द्रवाचा दाब येताच ते किंचित वाकते आणि दाब जाताच पूर्वस्थितीला येताना दट्ट्याला केसभर मागे ओढते. पॅडाला पुढेमागे सरकता यावे म्हणून त्याच्या बैठकीतही थोडी मोकळीक ठेवावी लागते. ती अपुरी पडल्यास पॅड अडकून चकतीला सतत घासतो, तापतो व लवकर झिजतो. ती वाढल्यास पॅड खडखडतो. हा समतोल राखण्यासाठी पॅडावर पातळ पत्र्याची स्प्रिंग, बैठकीत पोलादी क्लिपा किंवा पाठपट्टीमागे पातळ पत्री बसविलेली असते. हे भाग काढून टाकले तरी ब्रेक लागतो. त्यामुळे ते अनावश्यक आहेत असा गैरसमज होतो.

इतिहास : इंग्लंडमधील फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये चकतीच्या ब्रेकचे एकस्व घेतले, परंतु त्यातील तांब्याचे घर्षणभाग त्या काळच्या धुळीच्या रस्त्यांवर लवकर झिजत. १९५३ साली फ्रान्समधील ल मां येथील २४ तासांची शर्यत चकतीचे ब्रेक असलेल्या जॅग्वार मोटारीने जिंकली आणि या ब्रेककडे सर्वांचे लक्ष वेधले गेले. १९५५ मध्ये आलेल्या सित्रोएन डीएस या मोटारीच्या पुढील चाकांना असे ब्रेक होते. भारतात अँबॅसडर व प्रीमियर पद्मिनी या मोटारींना दीर्घकाळ चारही चाकांवर ड्रम ब्रेक असत. अशा गाड्यांतील ब्रेकच्या आवाजाची कारणे निराळी असतात.

कारणे : पॅड बदलताना जुन्या क्लिपा किंवा स्प्रिंगा परत न बसविणे हे सर्वांत साधे व वारंवार आढळणारे कारण होय. वारंवार तापून स्प्रिंगेचा ताण कमी होतो. स्थिर कॅलिपरमध्ये पॅड ज्या पिनांवर टांगलेले असतात त्यांवर खाचा पडतात, तसेच पाठपट्टीची छिद्रे लंबगोल होतात. सरकत्या कॅलिपरमध्ये मार्गदर्शक पिना व त्यांची छिद्रे झिजतात. पॅडाचे कान जेथे टेकतात त्या बैठकीच्या कडाही कालांतराने खचतात. याशिवाय आकाराने किंचित लहान असलेले पॅड बसविले गेल्यास नव्या पॅडांचाही खडखडाट होतो.

निदान : रहदारी नसलेल्या खडबडीत रस्त्यावर ताशी सुमारे २० किमी. वेगाने गाडी चालवावी व आवाज येताच पेडल अगदी हलके दाबावे. आवाज थांबला, तर दोष ब्रेकच्या जोडणीत असण्याचा संभव अधिक. तो तसाच राहिला, तर सस्पेन्शनचे रबरी बुश, धूर वाहून नेणारी नळी, चकतीमागील धूळरोधक पत्रा इ. भाग तपासावेत. काचा उघड्या ठेवून भिंतीलगत गाडी चालविल्यास आवाज परावर्तित होऊन स्पष्ट ऐकू येतो व तो कोणत्या बाजूचा आहे हे ठरविणे सोपे जाते.

इतर आवाजांशी या खडखडाटाची गल्लत करू नये. पुढे जाणारी गाडी मागे घेऊन ब्रेक लावताना येणारा एकच ‘टक्’ आवाज पॅड बैठकीच्या दुसऱ्या कडेला टेकल्याचा असतो. तो बारीक असल्यास स्वाभाविक समजावा. ब्रेक लावताना होणारी कर्कश किंचाळी ही पॅड व चकती यांच्या जलद कंपनांमुळे निर्माण होते. काही पॅडांना झीज दर्शविणारी पत्र्याची जीभ असते. घर्षणथर संपत आला की ती चकतीला घासून असाच आवाज करते. ब्रेक लावताना खरखर ऐकू आल्यास पोलादी पाठपट्टीच चकतीवर घासत असण्याची शक्यता असते. अशी गाडी चालवू नये.

पेडलच्या चाचणीला एक मर्यादा आहे. कॅलिपर पक्का करणारे बोल्ट सैल झाले असतील, तरीही ब्रेक लावताच कॅलिपर चकतीला आवळला जाऊन आवाज थांबू शकतो. म्हणजे किरकोळ दोष व गंभीर दोष या चाचणीत सारखेच दिसतात. म्हणून चाक काढून प्रत्यक्ष पाहणी करणे आवश्यक असते.

तपासणी व दुरुस्ती : गाडी सपाट जागी उभी करून चाकांना अडण्या लावाव्यात. गाडी जॅकने उचलल्यावर ती भक्कम घोडीवर टेकवावी; केवळ जॅकच्या आधारावर काम करू नये. चाक काढल्यावर प्रथम कॅलिपर हाताने हलवून पाहावा व त्याचे बोल्ट निर्मात्याने सांगितलेल्या घट्टपणाइतके आवळलेले आहेत याची खात्री करावी. नंतर पॅड हलवून पाहावेत. घर्षणथराची जाडी सुमारे ३ मिमी. उरली असल्यास पॅड बदलणे योग्य ठरते. चकतीची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते.

जुन्या पॅडांत ॲस्बेस्टस असू शकते व त्याची धूळ श्वासावाटे आत गेल्यास फुप्फुसांचे गंभीर विकार व कर्करोग होऊ शकतात. म्हणून ती हवेच्या झोताने किंवा कोरड्या कुंचल्याने उडवू नये. ब्रेकसाठीच्या द्रावकाने ओली करून पुसून घ्यावी. बैठकीवरील गंज ओलसर ठेवून खरवडावा. खाचा पडलेल्या पिना व ताण गेलेल्या स्प्रिंगा बदलाव्यात. धातूवर धातू सरकतो तेथे ब्रेकसाठीच्या उष्णतारोधी ग्रीजचा अगदी पातळ थर द्यावा. सामान्य खनिज तेलाने ब्रेकचे रबर फुगते, तर घर्षणथरावर ग्रीज लागल्यास पकड कमी होते. काही जुन्या अमेरिकी मोटारींत बाहेरील पॅडाचे कान ठोकून घट्ट बसविण्याची रीत निर्मात्यांनीच सांगितलेली होती. इतर गाड्यांत हा उपाय करू नये, कारण त्यामुळे पॅड अडकण्याचा धोका असतो. पॅड बदलावयाचे असल्यास एका आसावरील दोन्ही चाकांचे एकदमच बदलावेत.

जोडणी पूर्ण झाल्यावर गाडी हलविण्यापूर्वी पेडल घट्ट लागेपर्यंत अनेकदा दाबावे. मागे ढकललेले दट्टे पॅडांपर्यंत आलेले नसल्यास पहिल्या दाबाला ब्रेक लागत नाही. शेवटी चाक हाताने फिरवून पाहावे. ते ब्रेक सोडल्यावर विनासायास फिरले आणि त्याच रस्त्यावर आवाज आला नाही, म्हणजे दुरुस्ती योग्य झाली असे समजण्यास हरकत नाही. आवाज थांबूनही चाक जड फिरत असेल, तर पॅडांची आवश्यक मोकळीकच नाहीशी झालेली असते व जोडणी पुन्हा करावी लागते.