एअरबोटला दुसरं इंजिन बसवायचंय? आधी जागा बघा, हॉर्सपॉवर नंतर

गोंदिया जिल्ह्यात मालगुजारी तलाव भरपूर. काठाला पाणी उथळ, त्यात गवत आणि कमळाच्या वेली. इथे साध्या मोटरबोटीचा पंखा गुंतून बसतो. एअरबोटमध्ये पाण्याखाली फिरणारं काहीच नसतं: सपाट तळ, मागे स्टँडवर इंजिन आणि जाळीत मोठा पंखा. अशी बोट अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या टीमने 1905 मध्येच कॅनडात बनवली होती. हो, टेलिफोनवालेच बेल!

आता समजा, नवेगावबांधच्या तलावावर अशी एक बोट आहे आणि तिचं इंजिन गेलं. जुनं 120 किलोचं, मिळालेलं नवं 160 किलोचं. त्याच जागी ठोकून दिलं तर?

सी-सॉ आठवा. वजन गुणिले अंतर, एवढंच गणित. इंजिन बोटीच्या तोल-बिंदूपासून 150 सेंमी मागे असेल, तर जादा 40 किलोमुळे 6,000 किलो-सेंमीचा भार मागे वाढला. मागची बाजू खाली बसते आणि बोट एकदम थांबवली की तिचीच लाट मागून आत येते. बोट बुडायला तेवढं पुरतं. उपाय: इंजिन साधारण 37 सेंमी पुढे घ्या, किंवा 30 किलोचं सामान 2 मीटर पुढे सरकवा. बॅटरी सरकवलेली बरी. पेट्रोलची टाकी रिकामी होत जाते, मग तोल परत बदलतो.

पुढचा मुद्दा उंचीचा. पंखा बोटीला तोल-बिंदूच्या वरून ढकलतो, त्यामुळे थ्रॉटल दिला की नाक खाली दबतं. जड इंजिन उंचावर असेल तर वळणावर बोट कलंडू शकते. म्हणून कारचं इंजिन खाली ठेवून बेल्ट किंवा गिअरने फक्त पंखा वर घेतात.

त्या बेल्ट-गिअरचं अजून एक काम आहे. 1.8 मीटरचा पंखा 5,000 आरपीएमने फिरवला तर टोकाचा वेग सेकंदाला सुमारे 470 मीटर होतो, म्हणजे आवाजाच्या वेगापेक्षाही जास्त! ताकद वाया, कानठळ्या फुकट. 2,500 वर आणलं की तो 235 होतो. सारस पक्ष्यांच्या जिल्ह्यात हा फरक छोटा नाही.

बोल्ट पत्र्यात नकोत, फ्रेममध्येच हवेत. मध्ये रबर माउंट आणि वर लॉकनट. इंजिन रबरावर हलतं, त्यामुळे जाळी आणि पंख्यात मोकळी जागा सोडा, आणि बॅटरी सुटी करून पंखा हाताने पूर्ण फिरवून बघा.

पहिली चाचणी बोट काठाला दोराने बांधूनच. लाइफ जॅकेट घाला, पंख्यामागे कुणी उभं राहू नका. माणसं बसल्यावर फोनमधलं लेव्हल अ‍ॅप उघडून फोन डेकवर ठेवा आणि आकडा लिहून घ्या. जुन्या इंजिनाचा आकडा ते काढण्याआधीच घेतलेला असेल, तर तुलना तिथेच होते.