लाल वायर कुठल्या भोकात?

सिहोरा रोड स्टेशनवर उतरलो की मी थेट मामांच्या मागच्या खोलीत जातो. सोल्डरचा वास तिथल्या भिंतींत मुरलाय. या खेपेला टेबलावर शेजारच्यांचा घड्याळवाला रेडिओ होता. बंद ठेवला तरी दोन पेन्सिल सेल चार दिवसांत संपतात, अशी तक्रार.

सेल तपासायला मी मल्टिमीटरचे प्रोब उचलले. मामांनी मनगट धरलं. "आधी लाल वायर कुठं आहे बघ."

ती दहा अँपिअरच्या भोकात होती. तिथे वायर असताना मीटर म्हणजे जाड तारेचा तुकडाच. स्वस्त मीटरला त्या वाटेवर फ्यूजही नसतो. मागे मी हेच लिथियमच्या १८६५० सेलवर केलं होतं. ३.७ व्होल्टचा शॉक कुठला लागतोय! पण ठिणगी उडाली आणि प्रोबचं टोक काळं पडलं. मामांच्या नाशिकच्या मोटवाने मीटरचा काटा अशा वेळी टोकाला जाऊन आपटायचा, चूक निदान ऐकू तरी यायची.

व्होल्टेज बाहेरून बघता येतं. करंटसाठी वाट तोडून मीटर मधे घालावा लागतो. मामा वायर कापत नाहीत. दोन्ही बाजूंना तांबं असलेली बोर्डाची पट्टी ते सेल आणि स्प्रिंगच्या मधे सरकवतात आणि एकेका बाजूला एकेक प्रोब टेकवतात. लाल वायर मिलिअँपिअरच्या भोकात, रेंज २०० वर. रेडिओ बंद, तरी आकडा ९.१. दिवसाला जवळपास २१८ मिलिअँपिअर-तास! हजारभराचा सेल टिकणार किती?

सेलजवळच्या कपॅसिटरचा एक पाय उचलला. फुगलेला नव्हता बेटा, वरून अगदी साळसूद. आकडा शून्यावर आला. मग रेंज उतरवत २००० मायक्रोवर गेलो: ३८. घड्याळापुरते.

त्या आनंदात मी तसाच रेडिओ चालू केला. तो मुका. म्हटलं, जाळला! मामा हसत सुटले. या रेंजला मीटरच्या पोटात शंभरेक ओहम असतात. रेडिओला हवेत तीसेक मिलिअँपिअर. म्हणजे तीनही व्होल्ट मीटरनेच गिळले, रेडिओला उरलं काय?

आतून मामींनी चहाला हाक मारली. मी उठलो. मामा उठले नाहीत; त्यांनी लाल वायर उपसली, व्होल्टच्या भोकात खोचली, आणि मग चष्मा काढला.